फोटोमागची ओळ नव्हे, शेपटीवरचा आकडा बघा : व्हिएतनाम युद्धातल्या सशस्त्र हेलिकॉप्टरांचा जुन्या फोटोंतून शोध

आमच्या भागात फौजी नाही असं गाव शोधावं लागतं. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, पलीकडे चंदगड-गडहिंग्लज, अलीकडे खानापूर. घराघरांत एक काळी पत्र्याची ट्रंक असते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. अशाच एका ट्रंकेतला फोटो मध्यंतरी बघायला मिळाला. डोंगरातल्या सपाटीवर एक लहानसं हेलिकॉप्टर, समोर चार जवान, आणि मागे बॉलपेनने लिहिलेलं : '१९७१ ची लढाई'.

मी विचारलं, "काका, हे चेतक की चित्ता?" ते म्हणाले, "कुणास ठाऊक. आम्ही त्याला हेलिकॉप्टरच म्हणायचो."

फोटो नीट बघितला. शेपूट जाळीची, म्हणजे उघड्या नळ्यांची. खाली चाकं नाहीत, दोन लांब आडव्या पट्ट्या. वर पाती तीन. चेतक असतं तर शेपूट बंद असती आणि खाली तीन चाकं असती. जाळीची शेपूट आणि पट्ट्या जुन्या बेल-४७ लाही होत्या, पण त्याला पाती दोनच. म्हणजे हे चित्ता. आणि चित्ता १९७१ साली आपल्या सैन्याकडे नव्हतंच. भारतात जुळवलेलं पहिलं चित्ता १९७२ साली उडालं आणि प्रत्यक्ष सेवेत ते त्यानंतर आलं.

"पण मागं लिहिलंय की!" काका म्हणाले.

"कुणी लिहिलं?"

"पोरानं. ट्रंक आवरताना, आठ-दहा वर्षं झाली असतील."

फोटोमागची ओळ आणि फोटोतली वस्तू यांचा मेळ बसला नाही तर खरं कुणाचं मानायचं? आम्ही कॉमर्सवाले याला सरळ उत्तर देतो. खतावणीत नोंद कुणीही करेल, व्हाउचर दाखवा. मागची ओळ ही नोंद आहे आणि फोटोतलं यंत्र हे व्हाउचर. या पद्धतीने एका अख्ख्या युद्धाचा हिशोब तपासण्याचं काम जगात कुठे सर्वांत बारकाईने झालं असेल, तर ते व्हिएतनाम युद्धातल्या सशस्त्र हेलिकॉप्टरांबाबत. ते कसं करतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

फोटो इतके, की मोजदाद नाही

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने सुमारे १२ हजार हेलिकॉप्टरं वापरली. त्यातली ५ हजारांहून जास्त नष्ट झाली. त्यांच्यावर काम करणारे जवळपास ५ हजार वैमानिक आणि कर्मचारी मेले. आणि या सगळ्याचे फोटो निघाले, कारण फोटो काढणाऱ्यांना तिथे फारशी आडकाठी नव्हती. पत्रकारांवर काही नियम होते, पण आधीच्या महायुद्धासारखी कडक सेन्सॉरशिप नव्हती. सैन्याची स्वतःची छायाचित्र पथकं होती. शिवाय साध्या सैनिकालाही छावणीच्या दुकानात जपानी कॅमेरा स्वस्तात मिळायचा. वीस वर्षांचा पोरगा पहिल्या पगारात पेंटॅक्स किंवा कॅनन घ्यायचा, रंगीत फिल्म भरायचा आणि दिसेल त्याचे फोटो काढायचा. मग वर्षभराने घरी जायचा आणि ते डबे पोटमाळ्यावर टाकायचा.

सुरुवातीला हेलिकॉप्टर तिथे फक्त माणसं वाहायला आलं. ११ डिसेंबर १९६१ रोजी एका जहाजातून एच-२१ हेलिकॉप्टरं सायगावच्या बंदरात उतरली. मध्ये वाकलेल्या आकारामुळे त्यांना केळं म्हणायचे. ती जड, संथ आणि जवळजवळ निःशस्त्र होती. दारात फार तर एक हलकी मशीनगन. भाताच्या खाचरात सैनिक उतरवताना झाडीतून गोळ्या यायला लागल्या, तेव्हा कुणीतरी वरून उलट मारा करायला हवा हे उघड झालं. ऑक्टोबर १९६२ मध्ये पहिली सशस्त्र 'ह्युई' हेलिकॉप्टरांची कंपनी दाखल झाली. तिच्यातल्या १५ यूएच-१ए हेलिकॉप्टरांवर मशीनगन आणि रॉकेटं तिथल्या तिथे जुगाड करून बसवलेली होती. २ जानेवारी १९६३ च्या आप बाकच्या लढाईत एका दिवसात पाच हेलिकॉप्टरं पडली. पुढे शस्त्रं वाढत गेली. १९६७ च्या सप्टेंबरच्या सुमारास मारा करण्यासाठीच बनवलेलं, जेमतेम ३६ इंच रुंदीचं 'कोब्रा' आलं.

ही वाढ टप्प्याटप्प्याने झाली, म्हणूनच फोटोवरून तारीख काढता येते. प्रत्येक टप्प्याने यंत्रावर खूण सोडली आहे.

आधी खिडकी बघा

ह्युईचे फोटो सर्वांत जास्त, आणि सर्वांत जास्त चुकाही त्यांच्याच बाबतीत. कुठल्याही जुन्या पुस्तकात दारात मशीनगन असलेल्या ह्युईखाली 'गनशिप' असं छापलेलं सापडेल. पण दारात मशीनगन तर माणसं वाहणाऱ्या ह्युईलाही असायचीच. फरक अंगाच्या लांबीत आहे. बाजूच्या सरकत्या दाराला दोन खिडक्या असतील तर ती लांब अंगाची डी किंवा एच, म्हणजे सैनिक वाहणारी गाडी. तिच्या बाहेरच्या अंगाला काही लटकवलेलं नसायचं, म्हणून तिला 'स्लिक', म्हणजे गुळगुळीत, असं नाव पडलं होतं. दाराला एकच खिडकी असेल तर ती आखूड अंगाची बी किंवा सी. गनशिप बहुतेक याच.

बी आणि सी वेगळ्या करायला वर बघावं लागतं. बी वर शस्त्रं इतकी लादली गेली, की ती सैनिक नेणाऱ्या ह्युईंच्या बरोबरीने पळेना. ज्यांचं रक्षण करायचं तेच पुढे निघून जायचे. म्हणून सी ला नवा पंखा दिला. त्याची पाती २७ इंच रुंद, जुन्याची २१ इंच. शेपटीचा उभा कल्लाही रुंद केला. पंखा थांबलेला असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. फिरत असेल तर कल्ल्यावर भिस्त ठेवायची.

मग शस्त्रं. प्रत्येक बाजूला दोन-दोन मशीनगन आणि सात नळ्यांचं रॉकेटचं नळकांडं, ही एक जोडणी. मशीनगनच्या जागी सहा नळ्यांची फिरती मिनिगन, ही दुसरी. प्रत्येक बाजूला २४ नळ्यांची चौकोनी पेटी, म्हणजे एकूण ४८ रॉकेटं, ही तिसरी. ती लावलेल्या हेलिकॉप्टरला 'हॉग', म्हणजे डुक्कर, म्हणत. नाकावर मोठ्या चेंडूसारखा उंचवटा दिसला तर तो ४० मिलिमीटरचा ग्रेनेड फेकणारा एम-५. या जोडण्या बदलता यायच्या, म्हणून एकट्या शस्त्रावरून तारीख ठरवू नये. पण शस्त्र, पंखा आणि खिडकी हे तिन्ही एकत्र धरले तर काळाची पट्टी बरीच आखडते.

शेवटी शेपटीवरचा आकडा. अमेरिकी सैन्याच्या प्रत्येक विमानाला नंबर असतो. त्यात पहिले दोन आकडे ज्या आर्थिक वर्षात ते मागवलं त्या वर्षाचे, आणि पुढे अनुक्रमांक. शेपटीवर रंगवताना वर्षातला पहिला आकडा गाळतात. म्हणजे ६४-१३१४९ हे शेपटीवर ४१३१४९ असं दिसतं. मागवून दहा वर्षं उलटलेल्या यंत्राच्या नंबराआधी शून्य लावायची पद्धत होती. इथे एक जुनी चूक सगळेच करतात. ६४ म्हणजे कॅलेंडरचं १९६४ साल असं धरतात. अमेरिकेचं आर्थिक वर्ष तेव्हा १ जुलैला सुरू व्हायचं (आपलं १ एप्रिलला), आणि ते मागणीचं वर्ष आहे. यंत्र हातात यायला वेळ लागायचा. त्यामुळे हा नंबर एवढंच सांगतो की फोटो त्याच्या आधीचा नाही. पण नंबर मिळाला की पुढचं दार उघडतं. व्हिएतनाममध्ये उडालेल्या हेलिकॉप्टर वैमानिकांच्या संघटनेने नंबरवार याद्या तयार केल्या आहेत. कोणता नंबर कोणत्या महिन्यात कोणत्या तुकडीकडे होता आणि त्याचं शेवटी काय झालं, ते त्यात शोधता येतं.

चार चिनूकची गोष्ट

ही सगळी पद्धत एका ठिकाणी अगदी स्वच्छ दिसते, कारण तिथे यंत्रं फक्त चार आहेत.

चिनूक आपल्याला आता ओळखीचं आहे. पुढे-मागे दोन पंख्यांचं हे अवजड हेलिकॉप्टर २०१९ पासून आपल्या हवाई दलातही आहे. त्याचं काम ओझी वाहण्याचं. पण १९६५ मध्ये अमेरिकी सैन्याने बोइंगच्या व्हर्टोल विभागाकडून चार चिनूक लढाऊ करून घेतले. त्यांचं अधिकृत नाव एसीएच-४७ए. सैनिकांनी त्यांना 'गन्स ए गो-गो' म्हटलं.

त्यांच्यावर काय नव्हतं? दोन्ही बाजूंच्या आखूड पंखांवर २० मिलिमीटरची एकेक तोफ, शिवाय १९ नळ्यांची रॉकेटची नळकांडी किंवा मिनिगन. नाकावर तोच ग्रेनेडचा चेंडू. दोन्ही कुशींत दोन-दोन मशीनगन आणि मागच्या उतरत्या फळीवर एक. ही मागची मशीनगन महत्त्वाची होती. साधी गनशिप शत्रूवरून पुढे गेली की तिची पाठ उघडी पडते. या चिनूकची पाठही गोळ्या झाडायची. आत माणसं आठ.

चौघांना नंबर होते आणि नाकावर रंगवलेली नावं होती : ६४-१३१४५ 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग', ६४-१३१४९ 'ईझी मनी', ६४-१३१५१ 'स्टंप जंपर' आणि ६४-१३१५४ 'बर्थ कंट्रोल'. म्हणजे महागाई, फुकटचा पैसा, खुंटावरून उडी मारणारा आणि कुटुंबनियोजन! युद्धात पोरांना विनोद कसले सुचतात बघा.

तीन व्हिएतनामला गेली, एक चाचण्यांसाठी आधी अमेरिकेतच राहिलं आणि नंतर गेलं. ५ ऑगस्ट १९६६ रोजी व्हुंग ताऊच्या तळावर जमिनीवरून चालवताना 'स्टंप जंपर' दुसऱ्या चिनूकला धडकलं आणि संपलं. लढाईत नव्हे, धावपट्टीवर. त्यामुळे व्हिएतनाममधला त्याचा कुठलाही फोटो हा १९६६ च्या त्या मोजक्या महिन्यांतलाच असू शकतो. फोटोखाली १९६७ लिहिलं असेल तर लिहिणारा चुकला, किंवा नंबर वाचणारा.

५ मे १९६७ रोजी बोंग सोनजवळ 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग' हल्ल्यासाठी खाली आलं. पुढे बसवलेल्या २० मिलिमीटरच्या तोफेला जागेवर धरून ठेवणारी पिन निसटली. तोफेचं तोंड वर झालं आणि तिच्या गोळ्या स्वतःच्याच पुढच्या पंख्याच्या पात्यांतून गेल्या. आतले आठही जण ठार झाले. त्या यंत्राचे जे फोटो आज सापडतात ते सगळे त्या तारखेच्या आधीचे आहेत. कुशीतल्या मशीनगनपाशी उभा असलेला, चेहरा नीट न दिसणारा पोरगा कोण, हा प्रश्न त्या आठ घरांसाठी छंदाचा राहत नाही. नंबरावरून यंत्र, यंत्रावरून महिना आणि महिन्यावरून कर्मचाऱ्यांची यादी, असं मागे मागे जावं लागतं. फोटोची मर्यादाही इथेच दिसते. तोफ कुठे आणि कशी बसवली होती ते फोटो मोठा केला की कळतं, पण पिन ढिली होती की नाही ते कळत नाही. ते चौकशीच्या कागदांतूनच येतं.

उरली दोन. २२ फेब्रुवारी १९६८ रोजी, टेटच्या हल्ल्यानंतर हुए शहराची लढाई चालू असताना, 'बर्थ कंट्रोल' गोळ्या लागून खाली उतरलं. जोडीचं 'ईझी मनी' शेजारी उतरलं आणि गोळीबारातच त्यातल्या माणसांना उचलून घेऊन गेलं. जमिनीवर राहिलेलं यंत्र नंतर उखळी तोफांच्या माऱ्यात नष्ट झालं. ही हेलिकॉप्टरं जोडीने उडवायची असा नियम होता. जोडीदारच उरला नाही, म्हणून हा प्रयोगही तिथेच संपला.

'ईझी मनी' मात्र वाचलं. ते पुढे अमेरिकेत पडून होतं, मग दुरुस्त केलं गेलं, आणि आज अलाबामातल्या रेडस्टोन आर्सेनलला उभं आहे. आता संशोधकाला नवाच घोळ. त्याचे आजचे झकपक रंगातले फोटो काळे-पांढरे करून, जुने म्हणून फिरतात. चाकांखालचं गवत कापलेलं असेल, नळ्यांची तोंडं बंद असतील, तर समजून जावं.

चारच यंत्रं असल्यामुळे हा हिशोब वहीच्या एका पानावर मावतो. बाकी हजारो ह्युई आणि कोब्रांना हेच लावायचं, फक्त पानं वाढतात.

फसवणाऱ्या जागा

सर्वांत जास्त फसवते ती उलटी छापलेली निगेटिव्ह. स्लाइड उलटी ठेवली की डावं उजवं होतं आणि पुस्तकात तसंच छापलं जातं. अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं; चिखलाने माखलेली असतील तर नाही. त्या काळच्या लष्करी बी, सी, डी आणि एच ह्युईंचा शेपटीचा छोटा पंखा डावीकडे असायचा. तो उजवीकडे दिसला तर फोटो उलटा असण्याची शक्यता मोठी. कोब्राच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण सुरुवातीच्या कोब्राचा तो पंखा डावीकडे होता आणि पुढे तो उजवीकडे नेला. मग डावीकडे दिसला तर जुनं यंत्र समजायचं की उलटा फोटो? इथे झाकण बघतात. कोब्रात पुढे गनर आणि मागे वैमानिक. गनरचं झाकण डावीकडे उघडतं, वैमानिकाचं उजवीकडे. तळावरच्या फोटोत झाकणं बहुतेक उघडीच असतात, कारण उकाडा. त्या उकाड्याने अभ्यासकांचं मोठं काम केलंय.

दुसरी फसवणूक नाकावरच्या चित्रांची. नाव वाचलं की माणूस खूश होतो. पण एक यंत्र पडलं की वैमानिक नव्या यंत्रावर तेच नाव रंगवून घेत. शार्कचा जबडा रंगवलेली ह्युई दिसली की १७४ व्या कंपनीच्या 'शार्क' तुकडीचं नाव घेतलं जातं, आणि ते पुष्कळदा बरोबरही असतं. पण कोब्राच्या निमुळत्या नाकावर तसला जबडा अनेक तुकड्यांनी रंगवला. नाव आणि चित्र म्हणजे इशारा, पुरावा नंबराचा.

तिसरी जागा स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट. कोडॅकच्या चौकटीवर महिना आणि वर्ष उमटवलेलं असायचं. ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नव्हे. सैनिक फिल्म पोस्टाने पाठवायचे. कुणी रोल भरल्या भरल्या, तर कुणी सुट्टीवर गेल्यावर चार रोल एकदम. म्हणून ती तारीख म्हणजे वरची मर्यादा, फोटो तिच्या नंतरचा नाही एवढंच. शेपटीवरचा नंबर खालची मर्यादा देतो आणि चौकट वरची. या दोन कुंपणांच्या मध्ये फोटो कुठेतरी असतो.

काही खुणा मात्र अगदी मोठ्याने बोलतात. १९७२ च्या वसंतात उत्तर व्हिएतनामच्या सैन्याने खांद्यावरून सोडायची, इंजिनाच्या उष्णतेमागे जाणारी क्षेपणास्त्रं वापरायला सुरुवात केली. त्यावर उपाय म्हणून ह्युई आणि कोब्राच्या धुराड्याचं तोंड वळवून वर केलं, म्हणजे गरम हवा थेट पंख्याच्या वाऱ्यात मिसळेल. अशा वर वळलेल्या धुराड्याचं यंत्र दिसलं आणि खाली '१९६८' लिहिलं असेल, तर बाकी काही बघायची गरज नाही.

कॅमेरा कुणाच्या हातात होता

सरकारी फोटो मेरीलँडच्या कॉलेज पार्कमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्यासोबत तारीख, ठिकाण आणि तुकडीची नोंद असते, आणि ते कुणालाही वापरता येतात. टेक्सास टेक विद्यापीठाच्या व्हिएतनाम केंद्रात सैनिकांनी दिलेले खाजगी फोटो, पत्रं आणि नोंदी लाखांनी साठवल्या आहेत. दोन्ही ठिकाणचं बरंच काही घरबसल्या बघता येतं.

सरकारी नोंद जास्त व्यवस्थित, पण ती जास्त खरी असेलच असं नाही. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी नि:शस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. व्हिएतनामच्या गणनेनुसार ५०४ माणसं मेली. सैन्याचा छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली तिथे होता. सरकारी कॅमेऱ्यातले काळे-पांढरे फोटो त्याने जमा केले. त्यांत कत्तल नव्हती. स्वतःच्या कॅमेऱ्यातले रंगीत फोटो त्याने जवळ ठेवले. नोव्हेंबर १९६९ मध्ये ते छापून आले तेव्हा जगाने ती कत्तल पाहिली. त्याच दिवशी ह्यू थॉम्प्सन नावाच्या वैमानिकाने आपलं छोटं टेहळणी हेलिकॉप्टर गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मध्ये उतरवलं होतं. सोबतच्या गनशिपांनी वाचलेल्या काही माणसांना उचलून बाहेर नेलं. गनशिपचा फोटो बघताना ती कुणावर रोखली होती हे तिच्या नळ्यांवरून कळत नाही, हे विसरू नये. खालच्या खाचरातल्या माणसाकडे कॅमेरा नव्हता. आपण बघतो ते बहुतेक सगळे फोटो दाराच्या आतून काढलेले आहेत.

ते फोटो काढणारेही मेले. 'लाईफ'चा लॅरी बरोज १९६५ मध्ये एका हेलिकॉप्टरच्या दारातल्या गनरसोबत उडाला आणि एका मोहिमेची चित्रमालिका घेऊन आला. ती आजही शिकवली जाते. १० फेब्रुवारी १९७१ रोजी तो, आँरी ह्युए, केंट पॉटर आणि केइझाबुरो शिमामोतो हे चौघे छायाचित्रकार लाओसवर ज्या दक्षिण व्हिएतनामी हेलिकॉप्टरमध्ये होते ते पाडलं गेलं. १९९८ मध्ये त्या डोंगरउतारावर खोदकाम झालं, तेव्हा कॅमेऱ्यांचे तुकडे आणि फिल्मचे अवशेष सापडले.

आता आपली ट्रंक

१९७१ च्या युद्धातही एक सशस्त्र हेलिकॉप्टर होतं. २८ सप्टेंबर १९७१ रोजी नागालँडमधल्या दिमापूरला बांगलादेशाचं हवाई पथक उभं राहिलं, 'किलो फ्लाईट'. त्यात एक डकोटा, एक ऑटर आणि एक अलुएत-३, म्हणजेच आपलं चेतक. त्या चेतकवर रॉकेटची नळकांडी आणि मशीनगन बसवल्या होत्या. ३ डिसेंबरच्या रात्री त्याने नारायणगंजच्या गोदनाईल इथल्या तेलसाठ्यावर हल्ला केला आणि ऑटरने चितगावच्या टाक्यांवर. म्हणजे कुणाच्या घरी चेतकचा फोटो असेल आणि बाजूला नळकांडी दिसत असतील, तर तो फेकू नका, कुणाला तरी दाखवा.

मेघना ओलांडताना सैनिक नेणारी एमआय-४ वेगळी. नाकात गोल इंजिन, त्याच्यावर उंच बसलेली वैमानिकांची खोली, खाली चार चाकं आणि वर चार पाती. एकदा बघितलं की विसरत नाही.

फोटो हाताळताना मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, पोस्टाची खूण, सगळं. मागे नवीन काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने, आणि कुणी व कधी लिहिलं तेही लिहा. बॉलपेनची शाई पुढे उमटते. लॅमिनेशन तर अजिबात नको.

काकांच्या ट्रंकेत आणखी एक फोटो निघाला. त्याच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. आठ-नऊ जवान, भोवती गावातली पोरं, आणि एका पोराच्या हातात झेंडा. झेंड्याच्या गोलात फिकट रंगाचा नकाशा आहे. बांगलादेशाच्या पहिल्या झेंड्यावर देशाचा पिवळा नकाशा होता. १७ जानेवारी १९७२ ला तो काढून टाकला. काकांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा मी. म्हणजे लढाईचा खरा फोटो हा होय?" मग त्यांनी बाकीच्यांची नावं सांगायला सुरुवात केली. सहा आठवली, ती त्यांच्या मुलाने मागे पेन्सिलने लिहून घेतली. उरलेल्यांसाठी ते गडहिंग्लजच्या एका जुन्या सोबत्याला फोन लावणार आहेत.